एकही रकाना रिकामा ठेवू नये

वसतिगृहाच्या समितीचा मी राजीनामा दिला, हे तुम्हाला तुमच्या बाबाने सांगितलं असेलच. सांगताना तो हसला असेल आणि "आजी चिडली आहे, होईल शांत" असं म्हणाला असेल. मी शांत झालेली नाही. कशावरून चिडले ते तुम्ही दोघांनी माझ्याकडूनच ऐकावं म्हणून हे लिहिते आहे. थोरलीला यातलं निम्मं ठाऊक आहे, कारण ती वेबसाइटच्याच कामातली आहे आणि परदेशात असलेल्या तिला मी तिकडच्या पहाटे फोन करून उठवलं होतं. धाकट्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

नोकरी करणाऱ्या बायकांचं हे वसतिगृह आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. बावीस खोल्या, चाळीसेक जणी. कोणी बँकेत, कोणी नर्स, कोणी शाळेत नव्याने लागलेली, आणि बऱ्याचजणी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या. कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मी समितीवर गेले, आणि तिथलं दप्तर बघून कपाळाला हात लावला. अर्ज म्हणजे पाठकोऱ्या कागदावर नाव आणि फोन. एकदा एक मुलगी तापाने बेशुद्ध पडली तेव्हा घरी कळवायला तिच्या गावाच्या नावापलीकडे आमच्याकडे काही नव्हतं, आणि त्या नावाची तीन गावं जिल्ह्यात निघाली.

त्यानंतर अर्ज मी तयार केला. तीन पानी. नाव, गाव, वाडी, आजोळ, घरात कोण कोण, रत्नागिरीत ओळखीचं कोण, कामाची पाळी, सुट्टीचा वार, कारखान्याची बस कुठल्या थांब्यावर पकडता. आपल्याकडे माणूस ओळखायचा तो असाच. नाव विचारायच्या आधी लोक "कुठली गो तू?" विचारतात, आणि वाडी सांगितली की "मग अमक्याची कोण?" हे येतंच. मी तेच प्रश्न ओळीने छापून घेतले. वर ठळक अक्षरांत सूचना: एकही रकाना रिकामा ठेवू नये. प्रत्येक अर्जाला क्रमांक, एकपासून ओळीने, एकही न वगळता. मला त्या अर्जाचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे त्यांत मीही आहे.

दीड वर्षापूर्वी एक मुलगी आली. घाटावरची, बी.एस्सी. झालेली, तिशीच्या आतबाहेरची. मासे गोठवण्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली होती. परदेशी जाणाऱ्या कोळंबीचे नमुने तपासून त्याचे आकडे लिहिणं हे तिचं काम. तिला आम्ही नऊ नंबरची खोली दिली. नवऱ्याचं घर तिने सोडलं होतं. का सोडलं ते तिने सांगितलं नाही, पण तिची डावी करंगळी नीट मिटत नसे. नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा आदेश तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात होता.

अर्ज तिने दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"काकू, हे सगळं लिहायलाच लागतंय का?"

"सगळं. रकाना रिकामा चालत नाही."

"आणि कुणी बघितलं तर?"

"माझ्या कपाटात असतो अर्ज. किल्ली माझ्याकडे असते."

तिने सगळं लिहिलं, सुवाच्य अक्षरात, पाळीच्या वेळेसकट. खाली जागा उरली होती तिथे मी माझ्या हाताने एक रकाना वाढवला, "माहिती देऊ नये अशी व्यक्ती", आणि तिने तिथे नवऱ्याचं नाव, दिराचं नाव, नणंदेचं नाव लिहिलं. मला वाटलं, काय शहाणपणाचं काम केलं आपण. तिच्या अर्जाचा क्रमांक एकशे चौसष्ट.

गेल्या वर्षी आमच्या अध्यक्षांच्या मनात वेबसाइटने घेतलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य, वडिलार्जित आंब्याच्या कलमांचे मालक, सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मीही म्हणते. काम दिलं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांना. पंचेचाळिशीचे, गोड बोलणारे; शहरातल्या निम्म्या संस्थांच्या वेबसाइट यांनीच केलेल्या. मुलींनी घरबसल्या अर्ज भरायचा, फोटो आणि आधार कार्ड चढवायचं, झालं. जुने अर्जही त्यात हवेत, म्हणजे शोधायला बरं, असं सरांचं म्हणणं पडलं. तेव्हा कपाटाची किल्ली मीच काढून दिली. क्लासवाल्यांना मीच बजावलं, "अर्जाचे क्रमांक तेच ठेवा हो, माझ्या रजिस्टराशी जुळले पाहिजेत." ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं, काकू." आणि यंत्राने ते अगदी तसं ठेवलं.

ह्या मे महिन्यात नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले. वेबसाइटवरच्या मराठीत चुका आहेत का बघावं म्हणून मी स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि एक खोटा अर्ज भरून पाहिला. खातं उघडायला काही लागलं नाही. नाव टाका, फोन टाका, पासवर्ड ठरवा. फोन खरा आहे का हेही ते विचारत नव्हतं. माझ्या अर्जाला क्रमांक मिळाला दोनशे एकतीस, आणि पानाच्या वर जी पत्त्याची लांबलचक ओळ असते तिच्या शेवटी तोच आकडा दिसत होता, २३१. मी सवयीप्रमाणे ती ओळ वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहीतून बघून परत टाइप केली, आणि हाताने आकडे उलटसुलट पडले. २१३.

समोर माझा अर्ज नव्हता. राजापूर तालुक्यातल्या एका नर्सचा होता. फोटो, आधार कार्ड, घरचा पत्ता, आई वारलेली, वडील मुंबईला, रात्रपाळी कुठल्या दिवशी, सगळं.

मला आधी वाटलं, यंत्राची काहीतरी गडबड. मी २१४ केलं. दुसरी मुलगी. २१५ केलं. तिसरी. मग मी चष्मा काढून पुसला, रजिस्टर काढलं, नऊ नंबरची खोली शोधली आणि १६४ टाइप केलं. पान आलं. तिचा फोटो, केस मागे ओढून बांधलेले. पाळी कधीची. सुट्टी शुक्रवार. बसचा थांबा कुठला. खोली नऊ. आणि अगदी खाली, टाइप करणाऱ्याने इमानाने उतरवलेलं: माहिती देऊ नये अशी व्यक्ती, आणि ती तीन नावं.

त्या वेळी दुपारचे तीन वाजले होते. मी तशीच उठून सरांच्या घरी गेले.

सर पडवीत आंबा भरत बसले होते. सीझन ऐन भरात. लाकडी पेट्या, पेंढा, समोर फळांचे तीन ढीग. प्रत्येक फळ हातात घेऊन देठाशी दाबून बघायचं आणि मग लावायचं. ते करताना ते मान वर करत नाहीत.

"सर, वेबसाइट आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा."

"बसा हो आधी. उन्हातून आलात."

"कोणाचाही अर्ज कोणालाही दिसतो आहे. वरचा आकडा बदलला की झालं."

"लॉगिन आहे ना पण त्याला?"

"लॉगिन कोणीही काढू शकतं. मी काढलं."

"तुमचं वेगळं. तुम्ही समितीच्या आहात."

"वेबसाइटला ते माहीत नाही, सर."

त्यांनी एक फळ उजव्या ढिगातून मधल्या ढिगात टाकलं. "पण मुळात आकडा बदलून बघायचाच कशाला? सरळ माणूस असं करील का?"

"सरळ माणसासाठी आपण कपाटाला कुलूप लावलं होतं का?"

आता त्यांनी मान वर केली. "हे बघा, प्रवेश ऐन भरात आहेत. साइट बंद दिसली तर लोक काय समजतील? एवढे प्रवेश होऊन जाऊ देत. मग निवांत बघू. आणि मुलींच्या कानावर घालू नका हे. उगाच घाबरतील, चार जणी सोडून जातील." मग आत हाक मारली, "अगो, बाईंना सरबत दे कोकमाचं, तापल्यायत."

सरबत मी प्यायले, कारण त्यांच्या बायकोचा यात काही दोष नव्हता. आणि तिथून निघाले ती थेट थांब्यावर जाऊन उभी राहिले, जिथे कारखान्याची बस येते. त्या अर्जातला थांबा मला आता पाठ होता.

ती उतरली, मला बघून थबकली. मी रस्त्याच्या कडेला तिला सगळं सांगितलं. काहीही मागेपुढे केलं नाही. माझी किल्ली, माझे क्रमांक, तेही सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हटला होता, कपाटात असतंय."

"हो, म्हटलं होतं," मी म्हणाले.

मग तिने एकच प्रश्न विचारला. "बघितलंय का कुणी?"

बघा, सर आणि मी पाऊण तास वाद घातला आणि हा प्रश्न दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता. दार उघडं राहिलं याचीच चर्चा. आत कोण येऊन गेलं हे तिने विचारलं, कारण तिच्या दृष्टीने तेवढंच खरं होतं. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत सांगते."

रात्री तुमच्यापैकी थोरलीला फोन केला. तिची पहाट. तिने डोळे चोळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, ही जगातली सगळ्यात नेहमीची चूक आहे." जाणकारांनी अशा चुकांची यादी करून फुकट वाचायला ठेवली आहे, ती तिने मला पाठवली. इंग्रजी मला येतं, मी रात्रीच वाचून काढली. आमची चूक त्या यादीच्या अगदी वर होती. शोधून काढायला काही मोठी अक्कल लागते असं नाही. बारा वर्षांच्या पोराला जमेल. मग मला जो राग आला तो अजून आहे: चूक इतकी जुनी, इतकी ठाऊक असलेली, दुरुस्ती लिहून ठेवलेली, आणि शहरातल्या निम्म्या संस्थांची कामं करणाऱ्या माणसाला ती माहीत नाही, आणि त्याला काम देणाऱ्या आम्हा पांढऱ्या केसांच्या लोकांना विचारावंसंही वाटलं नाही.

सकाळी क्लास उघडायच्या आधी मी त्यांच्या पायरीवर होते.

"काकू, तसं काही होणार नाही," ते म्हणाले. "मी 'माझा अर्ज' एवढंच बटण दिलंय. दुसऱ्याच्या अर्जाचं बटणच नाही कुठे."

"बटण नाही. दार आहे."

त्यांच्याच यंत्रावर मी आकडा बदलून दाखवला. ते म्हणाले, "अर्ध्या तासात करतो दुरुस्त. तुम्ही चहा घ्या." खरंच अर्ध्या तासात त्यांनी बोलावलं. "आता बघा." माझा अर्ज उघडला. वर २३१ नव्हतं, १०००२३१ होतं. त्यांनी सगळ्या आकड्यांत दहा लाख मिळवले होते.

मी शेवटचा एक काढून तिथे दोन घातले. पुढची मुलगी आली, फोटोसकट.

तुम्हाला हसू येईल. थोरलीलाही फोनवर आधी हसू आलं, मग ते थांबलं. मी फोन क्लासवाल्यांच्या हातात दिला. ती त्यांच्याशी फार आदराने बोलली, मला जमलं नसतं. तिचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या वसतिगृहाच्या फाटकात मावशी बसते. ती नाव विचारते आणि आत सोडते. म्हणून आत आलेल्या बाईने कुठल्याही खोलीचं दार ढकलावं आणि ते उघडावं, असं होत नाही; प्रत्येक खोलीला आपलं कुलूप असतं. वेबसाइटला फाटक होतं, खोल्यांना कुलपं नव्हती. "तू कोण" हे तिने एकदा विचारलं आणि "हे तुझं आहे का" हे कधीच विचारलं नाही. हा दुसरा प्रश्न दर वेळी, प्रत्येक पानाला, प्रत्येक फोटोला, आधार कार्डाच्या प्रत्येक चित्राला विचारायचा असतो, आणि तो विचारायचा यंत्राने, बघणाऱ्याच्या सरळपणावर सोडायचा नाही. आकडे लांब करून किंवा बटण लपवून हे होत नाही. आकड्यांऐवजी कोणाला अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरांची माळ वापरावी, ते चांगलंच, पण कुलूप ते कुलूप.

"हे शिकवलंच नव्हतं हो कोणी," ते म्हणाले. मला वाटतं ते खरं असावं. माझा राग त्याने कमी झाला नाही.

मग मी माझा प्रश्न विचारला, म्हणजे तिचा. आत कोण येऊन गेलं? ते म्हणाले, तसं काही आपण ठेवत नाही. थोरली फोनवरून म्हणाली, ज्या कंपनीच्या यंत्रावर तुमची साइट ठेवली आहे ती ठेवत असेल, बघा. त्यांनी शोधलं. होतं. गेल्या महिन्याभराचं, कोणी कुठलं पान किती वाजता उघडलं. त्यांना कधी ते उघडून बघायची गरज पडली नव्हती. छापून घेतलं तर सतरा पानं झाली.

पानं चाळायला वेळ लागला नाही. अकरा दिवसांपूर्वीच्या एका दुपारी एक नवं खातं उघडलं गेलं होतं. बाईचं नाव, फोनच्या जागी दहाच्या दहा सारखे आकडे. त्या खात्याने अर्ज भरलाच नव्हता. अर्ज क्रमांक एक उघडला, मग दोन, मग तीन. एकही न वगळता, अगदी माझ्या रजिस्टरासारखं. नऊ नंबरवाली रत्नागिरीत आहे एवढं तिच्या सासरच्यांना कुठून तरी कळलं असावं. बायकांची वसतिगृहं इथे आहेत किती? एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट, एकशे त्रेसष्ट, एकशे चौसष्ट. हा अर्ज चार वेळा उघडला होता. एकशे पासष्ट उघडलाच नव्हता.

दुपारी ती कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. कामावर नमुन्यांचे तक्ते वाचते तसं तिने आकड्यांच्या ओळीवरून बोट खाली खाली नेलं, आणि शेवटच्या आकड्यावर थांबवलं.

"अकरा दिवस झाले," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी थांब्यावर एक मोटरसायकल होती. हेल्मेट काढलं नाही त्यानं. मला वाटलं, मलाच भास व्हायला लागलेत परत."

पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होते. ते पत्र तयार आहे असं तिला तिच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं होतं. तिने सामान बांधायला घेतलं. दोन पिशव्या, एक बादली. बादली ती ठेवून जाणार म्हणाली. आम्ही पोलीस स्टेशनला गेलो, कोर्टाचा आदेश आणि ती सतरा पानं दाखवली. तिथल्या महिला अधिकाऱ्याने तक्रार नीट लिहून घेतली, तेवढं मान्य करते. मग मी तिला गाडीत बसवून दिलं. कुठल्या गाडीत ते कोणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या बाबालाही नाही.

सरांना हे सगळं मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "गेली ना ती सुखरूप? मग झालं." साइट तशीच उघडी होती; सरांनी सांगितल्याशिवाय क्लासवाले ती बंद करायला तयार नव्हते.

चार दिवसांनी सकाळी मावशीचा फोन आला. "बाई, वाईच लवकर येवा. नऊ नंबरवालीची नणंद म्हणून कोण आलीय. हातात आपला अर्ज हाय तिच्या."

मी रिक्षाने गेले. पायरीवर एक बाई बसली होती, चाळिशीची, नीटनेटकी, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. फाटकाबाहेर गाडीत एक माणूस होता. तो उतरला नाही. आदेशातलं अंतर त्याला पाठ असावं.

"वहिनींना भेटायचंय," बाई म्हणाली. "आईनं अंथरूण धरलंय. एकदा बघायचं म्हणते."

"ती इथे राहत नाही."

"असं कसं? खोली नऊ. सुट्टी शुक्रवार. आज शुक्रवारच आहे की." तिने कागदाकडे बघूनही घेतलं. तीन पानं, टाचणी लावलेली. सर्वांत वर माझी ठळक अक्षरांतली सूचना.

"हा अर्ज तुमच्याकडे कसा आला?"

"तुमच्याच साइटवर आहे. सगळ्यांना दिसतंय." ती ओशाळली नाही. मला वाटतं तिला त्यात चोरण्यासारखं काही वाटलंच नसावं. दिसतं ते बघितलं.

"शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"वाचलं ना," ती म्हणाली. "आमचीच नावं आहेत."

मी हात पुढे केला. "तो कागद इकडे द्या."

तिने तीन घड्या घालून तो पर्समध्ये टाकला. "का म्हणून? आमचा प्रिंट आहे हा." मग पेढ्यांचा बॉक्स मावशीच्या बाजूला सरकवला. मावशीने तो पायाने परत तिच्याकडे ढकलला आणि म्हणाली, "उठ गो बाय आता. माझा झाडलोट ऱ्हायलाय." बाई उठली. गाडी वळून गेली. नंबर मी लिहून घेतला आणि पोलिसांना दिला.

मग मात्र सरांनी दहा मिनिटांत साइट बंद करवली. दहा मिनिटांचंच काम होतं ते, पहिल्या दिवशीही.

पुढचे आठ दिवस थोरली रोज तिचं ऑफिस संपल्यावर क्लासवाल्यांबरोबर बसली. त्यांनी पान पान तपासलं. जिथे जिथे "हे तुझं आहे का" विचारलं जात नव्हतं तिथे ते घातलं. आधार कार्डांची चित्रं एका उघड्या फोल्डरमध्ये पडलेली सापडली, लॉगिनशिवायही दिसणारी, ती हलवली. खातं उघडताना फोनवर आकडा येऊ लागला. एकाच खात्याने भराभर पानं उघडली की ते थांबतं आणि कार्यालयाला कळतं. कार्यालयाचा पासवर्ड वसतिगृहाच्या नावाचाच होता. तो कोणी ठेवला ते मी इथे लिहीत नाही, पण यंत्राला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. आणि सोडून गेलेल्या सगळ्या मुलींचे अर्ज पुसले. का ठेवले होते? शोधायला बरं, एवढंच.

माझा तीन पानी अर्ज आता अर्ध्या पानावर आला आहे. नाव, फोन, रक्तगट, अडचणीत कळवायचं एक माणूस. वाडी नाही, आजोळ नाही, बस नाही. जे लिहून ठेवलंच नाही ते कोणाला दिसणार नाही, हे मला ह्या वयात समजलं.

राजीनामा त्यानंतरचा. समितीच्या बैठकीत मी म्हटलं, ज्या ज्या मुलींचे अर्ज त्या खात्याने उघडले त्या एकशे चौसष्टजणींना कळवायला हवं. आज राहतात त्यांना आणि सोडून गेल्या त्यांनाही. त्यांचाही पत्ता कोणापासून तरी लपलेला असू शकतो. सर म्हणाले, "झालं गेलं मिटलं आता. संस्थेच्या नावाचा विचार करा." समितीतल्या एकजण म्हणाल्या, "तुम्हीच नाही का तो फॉर्म केलात?" अगदी बरोबर. म्हणूनच कळवायचं काम माझं होतं. मी तिथेच कागद काढून राजीनामा लिहिला, आणि राहत्या मुलींना जेवणघरात बोलावून सगळं सांगितलं. बाकीच्यांना माझ्या फोनवरून, माझ्या रजिस्टरातून, रोज वीस वीस जणींना फोन केले. सहाजणी रडल्या. एकीने मला खूप शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. एकीने काही न बोलता फोन ठेवला आणि तेव्हापासून तिचा नंबर बंद आहे. तिची काळजी मला आहे.

धाकट्या, तू म्हणे कॉलेजात कोणाची तरी वेबसाइट करतो आहेस. मला दाखव. मी आकडे बदलून बघणार आहे.

परवा नऊ नंबरवालीचा फोन आला. नव्या गावात तिला काम मिळालं आहे, पहिल्याहून हलकं. नमुने तपासायचं नाही, नुसता माल भरायचा. राहायला जागा बघते आहे. तिथलं एक वसतिगृह बरं वाटलं, पण त्यांचा अर्ज ऑनलाइनच आहे आणि त्यात सगळं भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. फोटो, आधार, कामाची वेळ.

"काय लिहू, काकू?" तिने विचारलं.

"काहीही लिहू नकोस. तिथल्या बाई आहेत का समोर?"

"आहेत."

"फोन दे त्यांच्याकडे."

पलीकडून एक प्रौढ आवाज आला, जरा घाईत असलेला. मी माझी ओळख दिली, मग विचारलं, एका मुलीचा अर्ज दुसरीला दिसतो का, हे तुम्ही करून बघितलं आहे का. अर्ज कोणी उघडला याची नोंद राहते का. मुलगी सोडून गेली की तिचा अर्ज किती दिवसांनी पुसता.

"हे असं आजवर कोणी विचारलं नाही हो," बाई म्हणाल्या.

"मी विचारते आहे," मी म्हटलं. "पेन घ्या आणि लिहून घ्या. ती तिथेच बसेल तोवर."